वांग्याची गाय

खानदेशात बोली किती, असा प्रश्न कोणी विचारला, तर उत्तर देणाऱ्याने आधी बसावयास चटई मागून घ्यावी. तापीच्या दोन्ही काठांनी अहिराणी बोलली जाते. पण धुळ्याची अहिराणी निराळी आणि बागलाणाकडची निराळी. पूर्वेस रावेर, यावल, भुसावळ या बाजूला गेले की लेवा गणबोली कानांवर पडू लागते. शिरपूर आणि चोपडा तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी ऐकू येते. भिल्लांच्या पाड्यांवर भिलीची कितीतरी रूपे आहेत. बंजाऱ्यांच्या तांड्यांवर गोरबोली, शहरांतल्या मोहल्ल्यांत उर्दू. आणि १९४७ नंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांनी जळगावात आपली सिंधीही आणली. ही सारी मुले सकाळी एकाच घंटेला शाळेत येतात व एकाच वर्गात मांडीला मांडी लावून बसतात. हजेरी सुरू झाली, की मात्र यांपैकी बहुतेक बोली चपलांबरोबर दाराबाहेरच राहतात.

अशाच एका शाळेत मी कितीएक वर्षे शिकविले. शाळा धुळे जिल्ह्याच्या उत्तर भागात होती. आकाश निवळले असले, म्हणजे वर्गाच्या खिडकीतून सातपुड्याची निळी रेघ दिसे. त्या शाळेत एका वर्षी जगातील निरनिराळ्या संस्कृतींचा दिवस साजरा करावयाचे ठरले. त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

असे दिवस हल्ली पुष्कळ शाळांत होतात. प्रत्येक वर्गाला एकेक देश नेमून दिला जातो. पुठ्ठ्याचा आयफेल मनोरा उभा राहतो. जुन्या साडीचा जपानी पोशाख शिवला जातो, कागदाचे पंखे होतात, काळ्या बंडीवर लाल रुमाल बांधून कोणी स्पेनचा होतो. पाहुणे येतात, टाळ्या पडतात, चिवड्याच्या पुड्या वाटल्या जातात आणि संध्याकाळपर्यंत सारे जग पेटाऱ्यात जाऊन बसते. वेष घालण्यात गैर असे काही नाही. मुलांना वेष आवडतात, आणि खरे सांगावयाचे तर मलाही आवडतात. पण जपानातला मुलगा सकाळी शाळेत निघतो, तेव्हा त्याच्याही पाठीवर दप्तरच असते. उद्या जपानमधल्या एखाद्या शाळेने असाच दिवस केला आणि हिंदुस्थानचा मुलगा म्हणून पुंगी वाजविणारा गारुडी उभा केला, तर आपला रावेरचा मुलगा तो पाहून काय म्हणेल? “आमच्याकडे साप नाहीत, केळीचे बाग आहेत,” असे तो रागाने सांगेल; आणि त्याचा राग रास्तच असेल.

दुसरीही एक गोष्ट माझ्या मनाला टोचत असे. स्नेहसंमेलनात पाहुण्यांपुढे आदिवासी नृत्य ठेवण्याची आपल्याकडे मोठी हौस. होळीच्या वेळी सातपुड्यात मोरपिसांचे उंच टोप घालून, कमरेला घुंगरू बांधून माणसे रात्रभर नाचतात. तो नाच शहरातली मुले रंगमंचावर पाच मिनिटांत उरकून टाकतात. टाळ्यांचा कडकडाट होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पावरा मुलगा मराठीत एक शब्द वेडावाकडा उच्चारतो आणि काल टाळ्या वाजविणारेच हात तोंडावर ठेवून हसतात. ज्यांचा नाच आम्ही नाचतो, त्यांच्या बोलीतले दोन शब्दही आम्हांला येत नाहीत, हे त्या टाळ्यांच्या आवाजात कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आमचे मुख्याध्यापक मूळचे अमळनेरचे. अमळनेर म्हटले की खानदेशातल्या माणसाला साने गुरुजी आठवतात. गुरुजी जन्माने कोकणचे. पण १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील वसतिगृहातील मुलांचे तर ते आईच झाले होते. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. छापखाना नाही, पगारी माणसे नाहीत. एक शिक्षक रात्री दिव्यापाशी बसून लिहितो आहे आणि सकाळी मुले ते वाचावयास गर्दी करीत आहेत, असे ते दैनिक होते. पुढे स्वातंत्र्याच्या लढ्यात ते तुरुंगात गेले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडील राजबंद्यांच्या सहवासात असताना, आपल्याच देशातील भावांची भाषा आपल्याला कळत नाही, याचे त्यांना फार वाईट वाटले. तमिळ भाषेतील तिरुक्कुरळ हा थोर ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. भारतातील सर्व प्रांतांच्या मुलांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या घरी राहावे, अशी ‘आंतरभारती’ची कल्पना त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मांडली. रवींद्रनाथांनी १९२१ साली शांतिनिकेतनात स्थापन केलेली विश्वभारती त्यांच्या डोळ्यांसमोर होती. विश्वाशी नाते जोडावयाचे, तर आधी शेजारच्या प्रांताशी जोडले पाहिजे, हा त्यांचा विचार. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले; त्यांचे हे काम पुढे त्यांच्या मित्रांनी व विद्यार्थ्यांनी चालविले.

आमच्या मुख्याध्यापकांनी हा विचार आणखी थोडा जवळ आणला. शेजारचा प्रांत राहू द्या, ते म्हणाले, शेजारचे बाकच आधी पाहू. त्यांनी नियम असा घातला, की दूरच्या देशातील माणसांना जो प्रश्न विचारावयाचा, तो प्रत्येकाने आधी आपल्या घरी विचारून यावा. नंतर आपल्या बाकावर शेजारी बसणाऱ्याला विचारावा. आणि मग ग्रंथालयात जाऊन परक्या देशांविषयीची पुस्तके उघडावीत. प्रश्नही त्यांनीच निवडले. आईला काय म्हणता? कशाची भाकरी खाता? आणि घरातली जी माणसे आता नाहीत, त्यांची आठवण कशी ठेवता? समारंभाचा दिवस ठरला २१ फेब्रुवारी. १९५२ साली याच दिवशी ढाक्यात, बंगाली या आपल्या मातृभाषेला मान मिळावा म्हणून रस्त्यावर आलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला होता. युनेस्कोने १९९९ साली हा दिवस मातृभाषा दिन म्हणून जाहीर केला आणि २००० सालापासून तो जगभर पाळला जातो.

पहिला प्रश्न माझ्या वाट्याला आला. माझ्या सातवीच्या वर्गात त्या वर्षी अक्कलकुव्याकडची एक मुलगी होती. अक्कलकुवा आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. १९९८ पर्यंत तो सारा भाग धुळे जिल्ह्यातच होता. मुलगी वसतिगृहात राही. जूनपासून ती वर्गात जवळजवळ बोललीच नव्हती. प्रश्न विचारला की मान खाली घाली. मुलांनी तिला ‘मुकी’ असे नाव ठेवले होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना ती आपली पेटी बरोबर घेऊन गेली, ती परत न येण्याच्याच विचाराने. वडिलांनी समजूत घालून तिला आणून सोडले. परंतु उन्हाळ्यात ती गेली की पुन्हा येणार नाही, असे वसतिगृहाच्या बाईंनी मला बजावले होते. अशी किती मुले शाळेतून निघून जातात, त्यांच्या जाण्याचे कारण हजेरीपटावर लिहिले जात नाही.

त्या तासाला मी फळ्यावर मुलांनी आणलेले शब्द लिहीत होते. आई. माय. अम्मी. तांड्यावरच्या मुलाने ‘याडी’ हा शब्द सांगितला. सिंधी मुलगी ‘अम्मा’ म्हणाली. ‘माय’ सांगणारे सर्वांत अधिक निघाले, तेव्हा अहिराणी बोलणाऱ्या मुलांनी छाती पुढे काढली. मग त्या मुलीची पाळी आली. ती उभी राहिली, आणि बराच वेळ नुसती उभीच होती. शेवटी तिने अगदी हळू आवाजात एक शब्द उच्चारला :

“याहा.”

वर्ग हसला. ते हसणे दुष्टपणाचे होते असे मला वाटत नाही. नवा शब्द कानी पडला की मुले हसतात. पण तिचा चेहरा उतरला आणि ती खाली बसू लागली. मी तिला उभेच राहावयास सांगितले. ‘याहा’ हा शब्द मी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिला आणि त्याच्या शेजारी दुसरा शब्द लिहिला : ‘हाहा’. आपल्या हसण्याचीच बाईंनी नोंद केली, असे वाटून मुले चपापली.

“हा कोणत्या भाषेतला शब्द?” मी विचारले. कोणी बोलेना.

“हा जपानी शब्द आहे. जपानातला मुलगा दुसऱ्या कोणाशी आपल्या आईविषयी बोलू लागला, म्हणजे तिला ‘हाहा’ म्हणतो. तिला हाक मारताना ‘ओकासान’ म्हणतो. तुम्ही सगळ्यांनी आत्ता मिळून जपानी आईचे नाव घेतलेत.”

आता जे हसू उसळले ते निराळे होते. त्यात ती मुलगीही होती. मग मी त्यांना जॉर्जिया या देशाचे सांगितले. काळ्या समुद्राच्या काठच्या या देशात ‘देदा’ म्हणजे आई, आणि ‘मामा’ म्हणजे बाप! यावर तर एक मुलगा बाकावरून खाली घसरला. आपल्या मामाला बाबा म्हणावयाचे, आणि दिवाळीला मामाच्या गावी जावयाचे ते कोणाच्या गावी, यावर मागच्या बाकांवर पुढची दहा मिनिटे वाद चालला. याहा आणि हाहा यांचे एकमेकींशी नाते काही नाही. शब्दांत असे योगायोग होतात, हे मी त्यांना सांगितले. ते कितीजणांनी ऐकले कोण जाणे.

घंटा होण्यापूर्वी ती मुलगी आपण होऊन उठली. त्यांच्याकडची मोठी देवी याहामोगी. याहा म्हणजे आई, म्हणून देवीचे नावही आईच. महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या डोंगरात तिची जत्रा भरते, आणि माणसे दोन-दोन दिवस चालत जातात. तीन-चार वाक्ये ती बोलली. मराठी मोडकी होती. कोणी हसले नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दोन मुली तिच्यापाशी जाऊन ‘पाणी’ला काय म्हणतात, ‘झाड’ला काय म्हणतात, हे विचारीत असलेल्या मी पाहिल्या.

पालकांपैकी एकदोघांना हा प्रकार रुचला नव्हता. मुलांना मराठी आणि इंग्रजी नीट यावयाची सोडून ह्या पाड्यावरच्या बोली कशाला, असे ते म्हणत. त्यांचे म्हणणे मी अगदीच चूक म्हणणार नाही. मुलाने पुढे जावे, नोकरीधंद्याला लागावे, ही आईबापांची तळमळ त्यात असते. माझा अनुभव मात्र मी त्यांना सांगितला. ती मुलगी जूनपासून जानेवारीपर्यंत मराठीत दहा वाक्ये बोलली नव्हती. जानेवारीनंतर तिला गप्प बसविणे कठीण झाले. ज्याची बोली वर्गात चालते, त्याचे तोंड उघडते. आणि तोंड उघडल्याशिवाय मराठी यावयाची कशी? शिवाय आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्या आपल्या बोलीत ओव्या रचीत. त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, त्या कविता पुस्तकरूपाने आल्या. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. हे ऐकून एक पालक म्हणाले, “बहिणाबाई एखादीच असते.” खरे आहे. पण ती कोणत्या घरात असेल, हे आधी कोणाला ठाऊक असते?

दुसरा प्रश्न भाकरीचा. येथे आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांची मोठी फजिती केली. खानदेशचे खाणे कोणते, असे त्यांनी विचारले. मुलांनी भराभर सांगितले : ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी. शिक्षकांनी जगाचा नकाशा टांगला आणि एकेक पदार्थ त्याच्या मूळ गावी पोहोचता केला. ज्वारी मूळची आफ्रिकेतली, सुदानच्या बाजूची; चार हजार वर्षांच्या आसपास ती आपल्याकडे नांदते आहे. सुदानमध्ये आजही ज्वारीचे पीठ आंबवून ‘किसरा’ नावाची पातळ पोळी करतात. बाजरी पश्चिम आफ्रिकेची. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज लोकांची गलबते आपल्या किनाऱ्याला लागू लागली, त्यानंतर ती आली. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच. आणि ज्या केळीवर जळगावचा एवढा अभिमान, ती केळ आग्नेय आशियाच्या बेटांकडची. मुलांचे चेहरे पडले. ताटात आता आपले असे काही उरतच नाही, असे त्यांना वाटले असावे. शेवटी एकाने भीत भीत विचारले, “सर, वांगं तरी आपलं आहे ना?”

होय, वांगे आपल्या बाजूचे. भारत आणि त्याच्या पूर्वेचा प्रदेश हे त्याचे माहेर. वर्गाने सुटकेचा श्वास टाकला. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचे भरीत हा खानदेशचा मानबिंदू. तो गेला असता तर काय राहिले असते? ते वांगे येथून पश्चिमेस अरबांच्या देशांत गेले, तेथून युरोपात गेले. पूर्वेस चीनमधून जपानला पोहोचले. जपानमध्ये त्याचे पुढे काय झाले, ते मुलांना तिसऱ्या प्रश्नाच्या वेळी कळणार होते.

त्याच महिन्यात आमची सहल जळगावहून अजिंठ्याला गेली. या सहली नेहमीच होतात, आणि मुले नेहमीच लेण्यांपेक्षा माकडांकडे अधिक पाहतात. या खेपेस त्यांनी माझा पिच्छा पुरविला. पहिल्या लेण्याच्या छतावर दाढीवाली, टोकदार टोप्यांची माणसे रंगविलेली आहेत. ती इराणकडची असावीत असे जाणकार मानतात. ती येथे कशी आली? त्यांची बोली कोणती? त्यांना येथली भाकरी आवडली असेल का? चित्रांतला गडद निळा रंग ज्या दगडापासून करीत, तो दगड अफगाणिस्तानातल्या बदकशानच्या खाणींतून येई, हे मी सांगितले, तेव्हा एक मुलगी त्या निळ्या ठिपक्याकडे बराच वेळ पाहत राहिली. दीड हजार वर्षांपूर्वी वाघूर नदीच्या या वळणावर केवढे जग येऊन गेले होते! आज जळगावच्या स्थानकावर परदेशी प्रवासी उतरला, की आपण त्याच्याकडे नवलाने पाहतो.

तिसरा प्रश्न विचारावा की नाही, याविषयी आम्हां शिक्षकांत मतभेद झाले. मुलांपुढे मृत्यूची गोष्ट कशाला, असे काहींचे म्हणणे पडले. मुख्याध्यापक म्हणाले, “ज्या घरात आजी-आजोबा आहेत, त्या घरातल्या मुलांना ही गोष्ट आपण समजतो त्याहून अधिक ठाऊक असते.” आणि तसेच झाले. या प्रश्नाला जितकी उत्तरे आली, तितकी आधीच्या दोहोंना मिळून आली नाहीत.

सर्वांत अधिक मुलांनी आखाजीचे वर्णन आणले. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. सासरी गेलेल्या मुली त्या दिवसांत माहेरी येतात, निंबाच्या झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. परंतु त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने नव्या घागरीत पाणी भरून ठेवतात. घागरीवर खरबूज ठेवतात. सांजोऱ्या आणि आंब्याचा रस यांचा नैवेद्य दाखवितात. वैशाखाचे ऊन असते. इतक्या लांबून यावयाचे, तर माणसाला तहान लागलीच असणार! एकाच अंगणात एकीकडे झोका आणि एकीकडे घागर, हे मला तरी फार सुंदर वाटते. मुसलमान मुलांनी शब्बे बरातच्या रात्री वडीलधाऱ्यांबरोबर कबरस्तानात जाऊन दुवा मागतात, ते सांगितले.

मग पुस्तके उघडली गेली. मेक्सिको देशात १ आणि २ नोव्हेंबरला गेलेली माणसे घरी येतात, असे मानतात. त्यांना वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पिवळ्या पाकळ्या वाटेवर पसरतात. त्या रंगाने व वासाने ती बरोबर आपल्या दाराशी येतात. आणि झेंडू तर मूळचा मेक्सिकोचाच! दसऱ्याला दाराला बांधतो त्या तोरणाचे फूल समुद्र ओलांडून आले आहे, हे कळल्यावर मुलांना मिरचीचेही दुःख उरले नाही.

जपानचे उत्तर मात्र सर्वांवर ताण करून गेले. तेथे बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या मध्यावर ‘ओबोन’ नावाचा सण येतो. पूर्वज घरी येतात आणि दोन-तीन दिवस राहून परत जातात. त्यांच्या प्रवासासाठी घरातली माणसे दोन वाहने करतात. काकडीला चार काड्यांचे पाय लावले की झाला घोडा. वांग्याला चार काड्यांचे पाय लावले की झाली गाय. येताना घोड्यावर बसून यावयाचे, म्हणजे लौकर पोहोचतील. जाताना गाईवर बसून जावयाचे, कारण गाय हळूहळू चालते.

पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या मुलांना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही. वर्गात क्षणभर सामसूम झाली. पुढच्या बाकावर एक मुलगा बसे. त्याचे आजोबा त्याच वर्षी पावसाळ्यात गेले होते. शेतावर जाताना नेहमी त्यालाच बरोबर घेऊन जाणारे आजोबा. त्याने विचारले, “बाई, किती हळू चालते ती?”

मी म्हणाले, “आपण म्हणू तितकी हळू.”

२१ फेब्रुवारीचा समारंभ साधाच झाला. पुठ्ठ्याचा मनोरा नव्हता. एका टेबलावर कळण्याची भाकरी होती आणि तिच्याशेजारी किसऱ्याचे चित्र. दुसऱ्यावर झेंडूचा सडा. फळ्यांवर निरनिराळ्या लिप्यांत ‘आई’ हा शब्द लिहिला होता, आणि ज्या बोलींना स्वतःची लिपी नाही त्या देवनागरीत लिहिल्या होत्या. जपानी पोशाखही होता; जुन्या साडीचाच. तो अक्कलकुव्याच्या मुलीला घालावयाचा, असे मुलींनी ठरविले होते. तिने तो घेतला नाही. ती आपला झगा आणि आपले मणी घालून उभी राहिली आणि प्रत्येक पाहुण्याला याहा आणि हाहा यांतील फरक समजावून सांगू लागली. पाचव्या-सहाव्या पाहुण्यापाशी तिने जॉर्जियाची गोष्टही त्यात घातली, आणि ती माझ्यापेक्षा चांगली रंगविली. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जाताना ती पेटी वसतिगृहातच ठेवून गेली.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा पुढच्या बाकावरचा तो मुलगा मला व्हरांड्यातच भेटला. त्याला काहीतरी सांगावयाचे होते. आखाजीच्या दिवशी त्याच्या घरी आजोबांच्या नावाची घागर भरली होती. त्याने परसातले एक लहान वांगे तोडून आणले, त्याला तुरीच्या काड्यांचे चार पाय लावले आणि ती गाय घागरीशेजारी नेऊन ठेवली. आजीचे लक्ष गेले.

“हाई काय शे?” तिने विचारले.

त्याने सारे सांगितले. आजी ऐकत राहिली. घोडा का नाही केला, असे तिने विचारले, आणि लगेच आपणच म्हणाली, की घोडा कशाला, घरचाच माणूस, त्याला वाट पाठ आहे. मग तिने ते वांगे हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले, चारही काड्या उपटून काढल्या, मधोमध मोडून अर्ध्या केल्या आणि पुन्हा टोचल्या. पाय आखूड असले, म्हणजे गाय आणखी हळू जाईल, असे ती म्हणाली.